जुन्या पोंटून नावेची दुरुस्ती : रंगापूर्वी पोकळी तपासा

धरण बांधले म्हणजे त्याखालच्या शेतांस पाणी मिळते, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच धरणाच्या वरच्या अंगास पाण्याचा फुगवटा पसरतो आणि गावागावांना जोडणाऱ्या जुन्या वाटा त्याखाली जातात, याचा विचार क्वचितच होतो. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयाच्या काठी उभे राहिले असता समोरचे गाव डोळ्यांना दिसते, पण तेथे रस्त्याने जावयाचे तर मोठा वळसा घालावा लागतो. कोयनेचा शिवसागर आणि जायकवाडीचा नाथसागर यांच्या काठीही असाच अनुभव येतो. म्हणून खताच्या गोण्या, उसाचे बेणे, वैरण, अवजारे आणि माणसे यांची ने-आण नावेने होते. अशा गावी नाव हे बैलगाडीइतकेच शेतीचे साधन आहे. त्या साधनाची निगा कशी ठेवावी, हा म्हणूनच शेतीशिक्षणाचाच एक भाग समजला पाहिजे.

या लेखात आपण पोंटून जातीच्या जुन्या नावेची दुरुस्ती कशी करावी, याचा पायरीपायरीने विचार करू. आरंभी एक प्रसंग सांगणे अवश्य वाटते, कारण या लेखाचा सारा धडा त्यात आहे.

मी या कामास नवा असताना भीमाकाठच्या एका गावी गेलो होतो. तेथील शेतकऱ्यांनी सामाईक वर्गणीतून घेतलेली जुनी पोंटून नाव नुकतीच रंगवून काठावर ठेवली होती. निळा रंग उन्हात चमकत होता. कठडा नवा होता, फळ्या धुऊन स्वच्छ केल्या होत्या. मी भोवती एक फेरी मारली आणि नाव उत्तम स्थितीत असल्याचे टिपण लिहावयास वही काढली. शेजारी गावचे वृद्ध नावाडी बसले होते. सारे त्यांना तात्या म्हणत. ते म्हणाले, "साहेब, रंग बघून काय लिवता? जरा वाजवून तरी बघा की."

त्यांनी एक दगड उचलून नळकांड्यावर पुढून मागे ठोकत नेला. पुढचा भाग घंटेसारखा वाजला. मागे जाता जाता आवाज बसका झाला आणि शेवटी मडक्यावर थाप मारावी तसा मुका झाला. बूच उघडून काठी आत घातली, तेव्हा ती वितीच्या निम्म्यापर्यंत ओली होऊन वर आली. पुढे पाणी काढून तळ खरवडला असता साध्या पेचकसाचे टोक पत्र्यातून आरपार गेले. दुसऱ्या दिवशी त्या नावेतून खताबरोबर खुरपणीच्या बायका पलीकडे जावयाच्या होत्या. मी वही मिटली. त्या दिवसापासून कोणतीही नाव न वाजवता मी तिच्याविषयी मत दिलेले नाही.

पोंटून नाव म्हणजे काय?

साधी होडी तिच्या उघड्या पोटातील पोकळीमुळे तरंगते. पोंटून नावेत ही पोकळी बंद असते. पत्र्याची दोन किंवा तीन लांब नळकांडी समांतर ठेवून त्यांवर लोखंडी चौकट व फळ्यांचा सपाट तक्ता बसविला म्हणजे पोंटून नाव तयार होते. प्रयागराज येथे माघमेळ्यात गंगेवर जे तरंगते पूल उभारतात, त्यांखालचे लोखंडी पिंप हे याच तत्त्वावर तरंगतात. आपल्याकडे रिकाम्या पिंपांवर बांबू बांधून करतात तो तराफा हे या नावेचेच साधे रूप होय.

या नावेचे गुण पुष्कळ आहेत. तक्ता सपाट असल्याने गोण्या नीट रचता येतात. दोन नळकांड्यांत अंतर असल्याने ती साध्या होडीइतकी झटकन कलत नाही. पाणी उथळ असले तरी ती काठास लागते. परंतु तिचा एक दोष या सर्व गुणांवर मात करू शकतो. होडीत पाणी शिरले तर ते पायाशी दिसते आणि माणूस ते डबक्याने उपसून टाकतो. पोंटूनमध्ये शिरलेले पाणी बंद पोकळीत जाते. ते कोणास दिसत नाही व कोणी उपसत नाही.

भार किती न्यावा?

कोणतीही वस्तू जेवढे पाणी बाजूस सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला मिळतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. एवढे दोन नियम ध्यानात ठेवले म्हणजे नावेचा हिशोब कोणासही करता येतो.

उदाहरणासाठी ६० सेंटिमीटर व्यासाची आणि ६ मीटर लांबीची दोन नळकांडी घेऊ. प्रत्येकाचे आकारमान सुमारे १,७०० लिटर भरते. म्हणजे दोन्ही पूर्ण बुडाली तर एकंदर आधार ३,४०० किलो मिळेल. हा आकडा ऐकून नाव ३,४०० किलो माल नेईल असे कोणी समजू नये. ३ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची ही नळकांडीच प्रत्येकी सुमारे २८० किलो वजनाची होतात. चौकट, फळ्या, कठडा व इंजिन धरून नावेचे स्वतःचे वजन १,००० किलो झाले असे मानू.

आता सुरक्षित भाराचा नियम असा पाळावा की, माल भरल्यावर नळकांडी निम्म्याहून अधिक बुडू नयेत. निम्मी बुडाली असता आधार १,७०० किलो मिळतो. त्यातून नावेचे १,००० किलो वजा केले म्हणजे माणसे व माल मिळून ७०० किलो उरतात. दोन नावाडी आणि ५० किलोच्या अकरा गोण्या, एवढाच तो भार आहे. खिलार बैलाचे वजन ४०० किलो किंवा त्याहून अधिक भरते. म्हणजे या नावेतून बैलजोडी एका खेपेस नेता येणार नाही. एक बैल, त्याचा धनी आणि एक नावाडी, अशी एक खेप करावी व दुसऱ्या बैलासाठी परत यावे.

निम्म्याचीच मर्यादा का, असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. उत्तर नळकांड्याच्या गोल आकारात आहे. नळकांडे निम्मे बुडालेले असते तेव्हा पाण्याच्या पातळीशी त्याची रुंदी सर्वांत अधिक असते. त्या ठिकाणी वरील नाव एक सेंटिमीटर बुडविण्यास सुमारे ७२ किलो भार लागतो. पाऊण भाग बुडाल्यावर तेवढ्यासाठी ६२ किलो पुरतात आणि अगदी वरच्या दहाव्या हिश्शाशी पाणी पोचले की ४३ किलोच पुरतात. म्हणजे धोका जसा जवळ येतो तशी नाव अधिक लवकर बुडू लागते. शेवटची गोणी पहिल्या गोणीपेक्षा अधिक घातक, ती यामुळेच.

आत शिरलेल्या पाण्याचा हिशोब

वरील नळकांड्यात तळाशी केवळ १० सेंटिमीटर पाणी साचले, तर ते सुमारे १८५ लिटर भरते. तेवढेच किलो वजन, म्हणजे अडीच माणसांहून अधिक भार, नावेच्या एकाच अंगास न दिसता बसलेला असतो. शिवाय हा भार गोणीसारखा जागच्या जागी राहत नाही. नाव पुढे झुकली की सारे पाणी पुढे धावते व नाव आणखी झुकते. ती डावीउजवीकडे कलत असता दोन्ही नळकांड्यांचा तोल आधीच बिघडलेला असतो.

पाणी आत शिरते कसे, हेही समजून घ्यावे. दिवसा उन्हाने आतील हवा तापून फुगते व बारीक छिद्रांतून थोडी बाहेर जाते. रात्री गार झाल्यावर आत ओढ निर्माण होते आणि पाण्याखाली असलेल्या छिद्रांतून पाणी आत खेचले जाते. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून असे रोज थोडे थोडे पाणी साचत राहते. म्हणून 'छिद्र लहान आहे, चालेल' हे म्हणणे चुकीचे आहे.

नाव ठेवावी की मोडीत काढावी?

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी हा निर्णय झाला पाहिजे. उन्हाळ्यात जलाशयाची पातळी खाली गेल्यावर नाव काठावर कोरड्यात घ्यावी. जमिनीवर सरळ न ठेवता मजबूत लाकडी ठोकळ्यांवर ठेवावी, म्हणजे नळकांड्याचा तळ दिसेल. नंतर पुढील क्रमाने पाहणी करावी.

१. सर्व बुचे उघडून काठीने आतील पाणी मोजावे, लिहून ठेवावे व मग काढून टाकावे.

२. तळाची शेवाळ व चिखल खरवडून नळकांडी हलक्या हातोडीने वीत वीत अंतरावर ठोकावी. मुका आवाज येईल तेथे खडूने खूण करावी.

३. खुणेच्या जागी पत्र्याची जाडी मोजावी. जाडी मोजण्याचे ध्वनियंत्र मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास बारीक भोक पाडून जाडी पाहावी आणि ते भोक नंतर बुजवावे. भोक पाडण्यापूर्वी पुढील भागातील धोके वाचावेत.

४. चौकटीचे सांधे, बोल्ट आणि नळकांडी चौकटीस जोडणाऱ्या पट्ट्या तपासाव्यात. पाणी व हवा जेथे आळीपाळीने लागतात त्या पट्ट्यात गंज सर्वांत अधिक असतो.

३ मिलिमीटरचा पत्रा २ मिलिमीटर किंवा त्याहून कमी उरला असेल, तर तेवढा भाग कापून नवा पत्रा घालावा. असा पातळ भाग तळाच्या निम्म्याहून अधिक लांबीत पसरला असेल, तर ते नळकांडे मोडीत द्यावे. ठिगळावर ठिगळ लावून त्याचे आयुष्य वाढत नाही. पातळ पत्र्यावर वेल्डिंगची ज्योत लागली की शेजारी नवे छिद्र पडते व काम संपतच नाही. चौकट चांगली असेल तर तीच ठेवून नवी नळकांडी बसवावीत. त्यात कमीपणा काही नाही.

नळकांडे उघडताना होणारे अपघात

हा भाग कृपा करून दोनदा वाचावा व कारागिरासही वाचून दाखवावा.

पहिला धोका स्फोटाचा आहे. ज्या पिंपात पूर्वी पेट्रोल, डिझेल, रंगाचे द्रावण अथवा कोणतेही ज्वालाग्राही द्रव्य होते, ते रिकामे दिसले तरी त्यात वाफ राहते. त्यावर वेल्डिंगची ज्योत किंवा कापणीची ठिणगी पडली तर पिंप बॉम्बसारखे फुटते. अशी पिंपे तराफ्यासाठी वापरावयाची असल्यास ती वेल्डिंग न करता, मूळ बुचासह, बांधूनच वापरावीत. कीटकनाशकांची पिंपे मात्र तराफ्यास मुळीच लावू नयेत. त्यांतील अंश ज्या पाण्यात उतरतो तेच पाणी माणसे व जनावरे पितात.

दुसरा धोका बंद हवेचा आहे. लोखंड गंजते तेव्हा हवेतील प्राणवायू खर्च होतो. वर्षानुवर्षे बंद असलेल्या नळकांड्यातील हवा श्वासास निरुपयोगी झालेली असू शकते. तिला वास नसतो व रंगही नसतो. आत डोके घालणारा माणूस हाक न मारता कोसळतो, आणि त्यास काढावयास गेलेला दुसराही कोसळतो. नळकांड्यात कोणी शिरू नये. आतील काम करावयाचे तर दोन्ही टोकांच्या चकत्या कापून नळकांडे आरपार मोकळे करावे व बाहेरूनच काम करावे.

तिसरा धोका तापलेल्या हवेचा आहे. बंद नळकांड्यावर वेल्डिंग केल्यास आतील हवा फुगून वितळलेला रस कारागिराच्या तोंडावर उडतो. म्हणून एक तरी बूच नेहमी उघडे ठेवूनच वेल्डिंग करावे.

चौथा धोका जुन्या रंगाचा आहे. जुन्या लोखंडी कामावर शेंदराचा, म्हणजे शिशाचा, अस्तर लावण्याची वहिवाट होती. असा नारिंगी थर दिसल्यास तो कोरडा घासू नये. पाणी मारून ओला खरवडावा, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी लावावी, खरवड गोळा करून बाजूस ठेवावी आणि काम चालू असताना मुलांना जवळ येऊ देऊ नये.

पत्राकाम आणि कप्पे

नवा तुकडा जुन्याच्या जाडीचाच असावा व त्याचे कोपरे गोल कापावेत, कारण टोकदार कोपऱ्यापासून पत्रा फाटू लागतो. जोड सलग भरावा. ठिपके ठिपके देऊन वर लांबी भरणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. पहिला थर झाल्यावर त्यावरील मळी ठोकून काढावी, घासावी आणि मग दुसरा थर द्यावा.

नळकांडे उघडलेच आहे, तर एक काम या वेळी अवश्य करून घ्यावे. पुष्कळ जुन्या नळकांड्यांत आतून आडव्या भिंती नसतात. आपल्या उदाहरणातील नाव भारासह १,७०० किलोंची आहे. एक अखंड नळकांडे पाण्याने भरले, तर उरलेल्या एकाचा आधार जेमतेम १,७०० किलो राहतो, आणि तोही एका अंगास. म्हणजे नाव उलटणार हे निश्चित. परंतु प्रत्येक नळकांड्यात दोन भिंती घालून २ मीटरचे तीन कप्पे केले, तर एक कप्पा फुटल्याने फक्त ५६५ किलोंचा आधार जातो. बाकीचे पाच कप्पे मिळून २,८०० किलोंचा आधार देऊ शकतात. नाव कलेल, माल भिजेल, पण माणसे काठास लागतील.

कप्पे करण्यासाठी नळकांडे दोन ठिकाणी कापून, मध्ये गोल चकती बसवून पुन्हा जोडावे लागते. हे खर्चाचे काम आहे हे मान्य. ते न जमल्यास पोकळीत पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम घट्ट भरावा. मात्र फोम भरल्यानंतर त्या नळकांड्यावर वेल्डिंग करता येत नाही. पेटीतील पांढरा थर्माकोल वापरू नये. तो झिजून त्याचा भुगा होतो व पेट्रोल लागल्यास विरघळतो. प्रत्येक कप्प्यास वरच्या अंगास आट्यांचे स्वतंत्र बूच असावे, म्हणजे काठी घालून पाणी पाहता येईल व हातपंपाने काढता येईल.

नळकांडी ॲल्युमिनियमची असल्यास त्यांस तांबे, पितळ किंवा उघडे लोखंड यांचा स्पर्श होऊ देऊ नये. दोन निराळे धातू पाण्यात एकमेकांस लागले की ॲल्युमिनियम झिजू लागते. मध्ये रबर किंवा प्लॅस्टिकची पट्टी घालावी.

हवेची परीक्षा

वेल्डिंग झाल्यावर आणि रंग देण्यापूर्वी प्रत्येक कप्प्याची परीक्षा करावी. बुचाच्या जागी सायकलच्या ट्यूबची नळी जोडून हातपंपाने हलकी हवा भरावी व सर्व जोडांवर साबणाचे पाणी लावावे. गळती असेल तेथे फुगे येतात.

हवा किती भरावी, याची मर्यादा कटाक्षाने पाळावी. इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकविलेली पारदर्शक नळी उभी बांधून तीत पाणी भरावे. तिचे एक तोंड कप्प्यास जोडावे व दुसरे उघडे ठेवावे. दोन्ही बाजूंच्या पाण्यात एक मीटरचा फरक दिसला की पंप थांबवावा. हा दाब चौरस सेंटिमीटरला फक्त १०० ग्रॅम असतो, तरीही ६० सेंटिमीटरच्या चकतीवर त्याचा एकंदर रेटा सुमारे २८० किलो होतो. मोटारीच्या चाकात हवा भरण्याच्या यंत्राने दाब एक किलोवर गेला, तर तोच रेटा २,८०० किलो होईल व चकती तोफेच्या गोळ्याप्रमाणे उडेल. म्हणून हवेच्या यंत्राची नळी नळकांड्यास कधीही लावू नये आणि परीक्षा चालू असता चकतीच्या समोर कोणी उभे राहू नये. ही परीक्षा सकाळी सावलीत करावी, कारण उन्हाने आतील हवा तापून दाब आपोआप वाढतो.

रंग

रंगाचे काम आता आले, यापूर्वी नव्हे. पत्रा तारेच्या ब्रशाने चकचकीत होईपर्यंत घासावा, धूळ पुसावी आणि त्याच दिवशी पहिला अस्तर द्यावा. एक रात्र गेली तरी त्यावर पुन्हा गंज धरतो. पाण्यात राहणाऱ्या लोखंडास इपॉक्सी जातीचे अस्तर व त्यावर त्याच जातीच्या रंगाचे दोन हात द्यावेत. डब्यावर सांगितलेला वाळण्याचा अवधी पुरा होऊ द्यावा. जलाशयाचे पाणी पिण्यास वापरले जात असेल, तर डांबरमिश्रित रंग टाळावा.

नळकांड्याची आतली बाजू कोरडी करून बुचे घट्ट बंद केली म्हणजे आतील थोडा प्राणवायू संपताच गंज थांबतो. आत जुने तेल ओतण्याची काही ठिकाणी रीत आहे, ती सोडावी. गळती झाली तर ते तेल जलाशयात जाते आणि पुढच्या वेल्डिंगला आग लागते.

गंज रोखण्याचा आणखी एक उपाय म्हणजे पत्र्यास जोडलेला मॅग्नेशियमचा तुकडा. लोखंडाऐवजी तोच झिजतो. गोड्या पाण्यात मॅग्नेशियम व समुद्राच्या पाण्यात जस्त वापरतात. या तुकड्यावर रंग लावू नये. लावल्यास त्याचा उपयोग होत नाही.

तक्ता, कठडा व भाररेषा

फळ्या सागाच्या किंवा पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडच्या असाव्यात. दोन फळ्यांत करंगळीएवढी फट ठेवावी, म्हणजे तक्त्यावर पाणी साचत नाही. बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावेत. कठडा सुमारे एक मीटर उंच, चोहोबाजूंनी असावा. जनावर न्यावयाचे असल्यास ते बांधण्याची कडी तक्त्याच्या बरोबर मध्यावर बसवावी. कठड्यास बांधलेले जनावर बुजले म्हणजे सारा भार एका अंगास जातो.

सर्वांत शेवटी नळकांड्यांच्या निम्म्या उंचीवर चारही टोकांना ठळक पांढरा पट्टा काढावा. हीच भाररेषा. पट्टा पाण्याखाली गेला की एक गोणी उतरवावी. येथे वाद घालण्यास जागा नाही व हिशोब येत नसला तरी हा पट्टा सर्वांस वाचता येतो.

पाण्यातील परीक्षा

नाव पहिल्यांदा पाण्यात सोडताना माणसे चढवू नयेत. काठाजवळ उथळ पाण्यात दोराने बांधून तीवर वाळूच्या पोत्यांचा ठरलेला भार ठेवावा आणि एक दिवस व एक रात्र तशीच ठेवावी. दुसऱ्या दिवशी भाररेषा पुन्हा पाहावी व प्रत्येक कप्प्यात काठी घालावी. काठी सर्वत्र कोरडी आली पाहिजे. नंतर निम्मी पोती एका कडेस सरकवून नाव किती कलते ते पाहावे. त्या कडेचे नळकांडे पूर्ण बुडू लागल्यास भार कमी करावा किंवा नळकांड्यांतील अंतर वाढवून घ्यावे.

वापर आणि वारा

दुरुस्त नावही वाऱ्यापुढे दुबळी असते. पोंटूनचा तक्ता पाण्यापासून उंच असतो, त्यावर कठडा व माल. त्यामुळे वारा तिला सहज ढकलतो. वैशाख-ज्येष्ठात वळवाचे ढग दुपारनंतर येतात आणि शांत पाणी थोड्याच वेळात खवळते. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात नाव उलटली. तीत सात माणसे होती. एक पोहून काठास आला, सहा जणांचा मृत्यू झाला. नाव कोणत्याही बांधणीची असो, ढग दिसल्यावर काठ न सोडणे हीच खरी सावधगिरी. त्या काळात ने-आण सकाळीच उरकावी.

नावेत जितकी माणसे तितकी तरंगजाकिटे असावीत आणि ती अंगात घातलेली असावीत; तक्त्याखाली रचून ठेवलेल्या जाकिटाचा बुडणाऱ्यास उपयोग नाही. लांब दोर, वल्ही व हातपंप नेहमी नावेत असावेत. इंजिनावर चालणाऱ्या नावेस आंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ अन्वये नोंदणी व तपासणीचे प्रमाणपत्र लागते. दुरुस्ती पुरी होताच ही व्यवस्था करावी आणि जलाशयात नाव चालविण्याच्या अटी धरणाच्या कार्यालयात विचारून घ्याव्यात.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांस विनंती की, त्यांनी आपल्या क्षेत्रातील प्रत्येक सामाईक नावेची एक वही सुरू करावी. तीत चार रकाने पुरेत : तारीख, कोणत्या कप्प्यात किती पाणी, काय दुरुस्ती केली, आणि पाहणाऱ्याची सही. एकाच कप्प्यात दोन आठवड्यांत दोनदा पाणी आढळल्यास नाव बंद ठेवून काठावर घ्यावी.

आरंभी सांगितलेल्या गावच्या नावेचे मागील नळकांडे त्या वर्षी मोडीत गेले. वर्गणी पुन्हा काढावी लागली व पेरणीच्या दिवसांत नाव नसल्याने लोकांना वळसा घालून खत आणावे लागले, याबद्दल कुरकूरही झाली. नवे नळकांडे तीन कप्प्यांचे आले. तात्यांनी सहा कप्प्यांसाठी एक बाभळीची सरळ काठी तासून घेतली आणि ती कठड्यास दोरीने बांधून ठेवली. सकाळी पहिली खेप सुटण्यापूर्वी ते सहाही बुचे उघडून काठी पाहतात. मग माणसांना चढू देतात. ज्या गावी नाव आहे, त्या गावी अशी एक काठी असावी आणि ती रोज वापरली जावी.